बुंद, भट्टी आणि कलमांची बाग

मालवणनजीकच्या एका गांवाहून एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आलें आहे. घर एकत्र आहे. हापूसचीं कलमें, थोड्या नारळी-पोफळी, त्यांच्या सावलींत जायफळाचीं कांहीं झाडें, असा बागेचा पसारा. हिशेब पत्रलेखक गृहस्थांकडे. त्यांच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव व सूनबाई पुण्यांतील नोकऱ्या सोडून घरीं परतलीं आहेत, आणि दोघांच्या मनानें असें घेतलें आहे कीं, उत्तम प्रतीचे कॉफीचे दाणे आणून ते घरच्या भट्टींत भाजावे व घराण्याच्या नांवानें पुडे बांधून विकावे. भट्टीस पैसा लागतो, म्हणून कलमांच्या बागेवर कर्ज काढावें असें बोलणें निघालें आहे. पत्रांत दोन प्रश्न आहेत: हा धंदा आपल्या किनाऱ्यावर चालेल काय, आणि बाग गहाण टाकावी काय? पत्राच्या शेवटीं गृहस्थ सहज लिहून जातात कीं, "भाजण्याचें सर्व ज्ञान सूनबाईंसच आहे." आमच्या मतें तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या एका वाक्यांत दडलेला आहे. त्याकडे पुढें येऊं.

आधीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. धंदा कॉफीचा म्हटला कीं आपल्याकडे पहिला विचार लागवडीचा येतो. "आपल्या आगरांत पोफळीखालीं बुंद लावली तर?" असें घरांतील कोणी तरी म्हणतेंच. (बुंद हा कॉफीच्या दाण्यास आपल्या भाषेंतील जुना शब्द, मूळ अरबी 'बुन्न'.) झाड लागेल, फळही धरील, पण चांगल्या प्रतीचा दाणा येणार नाहीं. अरेबिका जातीस समुद्रसपाटीपासून सुमारें १,००० ते १,५०० मीटर उंची आणि थंड हवा मानवते. रोबस्टा ५०० ते १,००० मीटरांवर येते. थंडींत फळ सावकाश पिकतें आणि सावकाश पिकलेल्या फळाचा दाणा घट्ट व सुवासिक होतो. मालवण समुद्राच्या कुशींत. आंबोलीची उंची ७०० मीटरांच्या आसपास आहे खरी. परंतु तेथें वर्षास सात हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस कोसळतो, आणि कॉफीस त्याच्या निम्माही नको असतो. आपल्या महाराष्ट्रांत कॉफीचीं झाडें पाहावयाचीं तर दूर वऱ्हाडांत, मेळघाटच्या चिखलदऱ्यास जावें लागतें. तेव्हां लागवडीचा विषय येथेंच सोडावा. दाणा बाबा बुदनच्या डोंगरांतून किंवा कोडगूंतून येईल. मालवणांत होईल ती भाजणी.

बाबा बुदनची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. सतराव्या शतकांत हा सूफी साधु मक्केच्या यात्रेहून येतांना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आला आणि त्या त्यानें चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लावल्या, अशी परंपरा सांगते. त्याच्या नांवाचे डोंगर आज कॉफीनें भरलेले आहेत. भारतांतील सुमारें सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकांत पिकते. मागोमाग केरळ व तामिळनाडु. तेथील बागा पाहून कोंकणी माणसास परकें वाटत नाहीं. उंच झाडांची सावली, खोडांवर चढलेले मिऱ्यांचे वेल, आणि बहुतेक मालक लहान लहान तुकड्यांचे. आपलें आगरच थोडें उंचावर नेऊन ठेवलें आहे असें वाटतें.

मग घराण्याच्या नांवाची कॉफी इतकीं वर्षें बाजारांत कां दिसली नाहीं? याचें कारण आपल्याकडे फारसें सांगितलें जात नाहीं. १९४२ च्या कॉफी कायद्यानें मळेवाल्यांनीं आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक सांठ्यांत घालावा असा निर्बंध होता. महायुद्धामुळें परदेशचा बाजार बंद पडला, भाव कोसळले, त्या वेळीं हा उपाय आवश्यकच होता. परंतु परिणाम असा झाला कीं, उत्तम निगा राखणाऱ्याचा दाणा आणि गचाळ शेजाऱ्याचा दाणा एकाच ढिगांत गेला. कोणत्या डोंगरावरची, कोणाच्या हातची कॉफी, हें पिणाऱ्यास कळण्याची सोयच उरली नाहीं. १९९२ पासून हा निर्बंध टप्प्याटप्प्यानें सैल झाला व १९९६ मध्यें पूर्ण उठला. बागेच्या नांवानें, त्या त्या वर्षाच्या हंगामाचा उल्लेख करून कॉफी विकणाऱ्या लहान भट्ट्या देशांत दिसूं लागल्या त्या त्यानंतरच. आमच्या पत्रलेखकांच्या चिरंजीवांस जें नवीन खूळ वाटून घरचे हंसत असतील, तें खूळ नव्हे. पन्नास वर्षें दार बंद होतें, तें उघडलें.

'स्पेशालिटी कॉफी' हा शब्द मात्र नीट समजून घ्यावा, कारण पुड्यावर तो छापणें फार सोपें आहे. एर्ना नूट्सेन नांवाच्या अमेरिकेंतील एका बाईनें १९७४ सालीं तो प्रथम वापरला. त्यांना अभिप्रेत होतें तें एवढेंच कीं, विशिष्ट भूमि व विशिष्ट हवा यांनीं दाण्यास विशिष्ट स्वाद येतो. आपण देवगडचा आंबा आणि बाजारांतील कोणताही आंबा यांत भेद करतों, तसेंच हें. पुढें त्यास मापें लागलीं. जाणकारांनीं चाखून शंभरांपैकीं ऐंशी वा अधिक गुण दिले पाहिजेत. आणि भाजण्यापूर्वींच्या ३५० ग्रॅम कच्च्या दाण्यांत काळा, कुजका अशा मोठ्या दोषाचा एकही दाणा असतां कामा नये. घरांतील तांदूळ निवडणाऱ्या हातांस हें काम अवघड नाहीं. खरें सांगावयाचें तर, एकत्र कुटुंबाचा या धंद्यास जो उपयोग आहे तो भांडवलांत नसून या निवडणाऱ्या हातांत आहे.

आतां पावसाचा विचार करूं. मालवणांत हा धंदा पावसावर तरतो किंवा बुडतो.

कच्चा कॉफीचा दाणा आंत दहा ते बारा टक्के ओलावा ठेवून वाळविलेला असतो. तो हवेंतील दमट वाफ शोषून घेतो. पावसाळ्यांत आपल्या घरीं मीठ पाझरतें, पापड मऊ पडतात, पुस्तकांस बुरशी धरते. त्याच घरांत कॉफीचें पोतें ठेवलें तर चार आठवड्यांत काय होईल हें निराळें सांगावयास नको. गंमत अशी कीं, याच दोषांतून एक जगप्रसिद्ध वस्तु जन्मास आली. शिडाच्या गलबतांच्या काळीं मलबारचा माल केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपांत पोंचेपर्यंत कित्येक महिने लागत. जहाजाच्या पोटांत खाऱ्या, दमट हवेनें दाणा फुगे, हिरवा रंग जाऊन फिका सोनेरी होई, आंबटपणा गळून पडे. तिकडच्या लोकांस हीच चव कॉफीची चव म्हणून ठाऊक झाली. पुढें १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आठवड्यांवर आला, आणि माल ताजा पोंचूं लागतांच गिऱ्हाईक तक्रार करूं लागलें कीं ही आमची कॉफी नव्हे! तेव्हां मंगळूरकडील व्यापाऱ्यांनीं जहाजांतील हवेचें काम किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्याकडून करून घेतलें. बाजू उघड्या असलेल्या कोठारांत दाणे थराथरानें पसरावयाचे, फावड्यांनीं वरचेवर उलथावयाचे, सैल पोत्यांत भरून वाऱ्यास लावावयाचे; जून ते सप्टेंबर हेंच चालतें. दाणा फुगून जवळजवळ दुप्पट दिसतो. याच मालास 'मॉन्सून्ड मलबार' म्हणतात, व त्यास भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे.

पत्रांत नसलें तरी चिरंजीवांच्या डोक्यांत हा विचार आलेला असणारच कीं, तोच वारा मालवणासही येतो, मग आपणही तसेंच कां करूं नये? करावें, परंतु पांच किलोंवर, आणि दोन पावसाळे. पावसाळी वारा देणें आणि माल कुजविणें यांत अंतर थोडें आहे, आणि तें अंतर मंगळूरच्या कोठारांतील माणसांस पिढ्यांच्या सवयीनें कळतें. शिवाय 'मलबार' हें नांव त्या मुलखाचें आहे, तें आपल्यास लावतां येणार नाहीं. देवगड हापूसचें नांव कर्नाटकांतल्या आंब्यास लावलेलें आपल्यास जसें खपत नाहीं, तसेंच हें.

पहिल्या वर्षीं धोरण सरळ असावें. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास होते. वाळवून, सोलून माल वसंतांत हातीं येतो. एकदम वर्षाचा माल मालवणांत आणूं नये. घाटावर कोरड्या गुदामांत ठेवून बेळगांवावरून आंबोली घाटानें लागेल तसा एक-एक पोतें उतरवावा, आणि घरांत तो हवाबंद पिशवींत, जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावा. भाजलेला माल तर याहून नाजूक. भाजल्यावर दाणा कांहीं दिवस कार्बन डायॉक्साइड वायु बाहेर टाकीत असतो, म्हणून पिशवीस वायु बाहेर जाऊं देणारी पण हवा आंत न घेणारी एकमार्गी झडप लागते. ताजेपणा चार-सहा आठवडे नीट टिकतो. पुढें उतरत जातो. पुड्यावर भाजल्याची तारीख ठळक घालावी. जो भाजणारा तारीख लपवितो त्याची कॉफी आम्ही घेत नाहीं.

विजेचाही विचार हवा. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ जिल्ह्यावरून गेलें तेव्हां कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत होतीं. एवढें मोठें संकट रोज येत नाहीं, पण पावसाळ्यांत वीज जाणें हें नित्याचें. भट्टीचा जाळ गॅसचा असला तरी पिंप विजेवर फिरतें. दाणे दोनशे अंशांच्या आसपास येऊन लाह्यांसारखे तडतडूं लागले आणि त्याच क्षणीं पिंप थांबलें, तर दोन मिनिटांत खालचे कोळसा होतात. हातानें फिरवितां येईल अशी सोय, किंवा निदान बॅटरीचा आधार असल्याशिवाय भट्टी घेऊं नये. धुराचें धुराडें शेजाऱ्याच्या पडवीकडे नसावें हेंही सांगून ठेवतों. गांवांत धंदे भांडवलाच्या टंचाईपेक्षां शेजाऱ्यांच्या रोषानें अधिक बुडतात.

आतां हिशेब. समजा ५० किलोंचें एक पोतें आणलें. भाजतांना पाणी व फोलपट जाऊन वजन साधारण सोळा टक्के घटतें असें धरलें तर हातीं ४२ किलो येतात. पाव किलोचे १६८ पुडे. फक्त शनिवार-रविवार कॉफी पिणारें पुण्या-मुंबईकडील दोघांचें बिऱ्हाड कपास पंधरा ग्रॅम या मापानें महिन्यास एक पुडा संपवील. (आपल्यासारख्या एकत्र घरांत तो तिसऱ्या दिवशीं संपेल, पण एकत्र घरें विकत घेतांना हात आंखडतात!) म्हणजे एक पोतें हें चवदा बिऱ्हाडांचें एक वर्ष झालें. दहा पोतीं खपवावयाचीं तर एकशें चाळीस बिऱ्हाडें पाहिजेत, आणि तीं एकदां नव्हे, दरमहा घेणारीं. भट्टीची किंमत विचारण्यापूर्वीं हीं एकशें चाळीस नांवें वहींत लिहून पाहावीं. पहिलीं साठ तरी गांवच्या चाकरमान्यांचीं निघतील. गणपतीस आलेला चाकरमानी परततांना आंबोळ्यांचें पीठ, कोकमें, काजू नेतोच, त्यांत एक पुडा जाईल. पर्यटकांवर मात्र फार भिस्त ठेवूं नये. सिंधुदुर्गास १९९७ मध्यें पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, कोंकण रेल्वे झाली, चिपीचा विमानतळही २०२१ मध्यें झाला. तरी पावसाळ्यांत किल्ल्याच्या होड्या बंद असतात तेव्हां मालवणची बाजारपेठ किती शांत असते हें पत्रलेखकांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

कच्च्या मालाचा भाव आपल्या हातीं नाहीं हेंही जाणून असावें. ब्राझीलमध्यें १९७५ सालीं हिम पडलें आणि जगभर कॉफी महागली. अलीकडे तेथील अवर्षणानंतर फेब्रुवारी २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या बाजारांत अरेबिकाचा भाव पौंडास चार डॉलरांवर, पूर्वीं कधीं नव्हता इतका चढला. चिकमगळूरचा मळेवाला तोच भाव मागतो. कर्जाचा हप्ता आणि वाढलेला भाव एकाच महिन्यांत आले तर काय करावयाचें, याचें उत्तर तयार असेल तरच कर्ज.

येथें दुसरा प्रश्न येतो. बाग गहाण टाकावी काय? आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे, आणि तें केवळ भित्रेपणाचें नाहीं. मिताक्षर धर्मशास्त्राप्रमाणें चालणाऱ्या एकत्र कुटुंबाचा कर्ता कुटुंबाच्या पूर्वापार धंद्यासाठीं मिळकतीवर कर्ज काढूं शकतो. परंतु नवा धंदा ही निराळी गोष्ट. बनारस बँकेच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १९३२ सालींच ठरविलें कीं, कर्त्यानें नव्यानें आरंभिलेला धंदा वडिलोपार्जित ठरत नाहीं, आणि अज्ञान सहदायादाचा हिस्सा त्याच्या कर्जास बांधला जात नाहीं. घरांत लहान मुलें असतील तर हा विचार आधीं करावा. आणखी एक गोष्ट वडील माणसें हमखास विसरतात. २००५ च्या दुरुस्तीनें मुलींसही जन्मतः पुत्रांसारखाच हक्क मिळाला असून, सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें तो पूर्णपणें स्पष्ट केला आहे. लग्न होऊन मुंबईस किंवा बेळगांवास गेलेल्या लेकींचा त्या कलमांत हिस्सा आहे. त्यांस न विचारतां बागेच्या कागदांवर सह्या करणें हें कायद्यानेंही धोक्याचें आणि नात्यानें तर त्याहून.

उलट, कुटुंबानें कांहींच देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. खळ्यालगतची कोरडी खोली द्यावी, दोन वर्षें भाडें घेऊं नये, निवडणीस हात द्यावे, आणि लहान भट्टीपुरती रक्कम घरच्या शिलकेंतून लेखी उसनी द्यावी. बुडाली तरी घर हलणार नाहीं एवढीच ती असावी. चिकमगळूरच्या एका मळेवाल्या घराण्यांतील व्ही. जी. सिद्धार्थ यांनीं १९९६ मध्यें बेंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिलें कॅफे कॉफी डे काढलें, आणि भारतीय तरुणांस कॉफीच्या दुकानांत बसावयास शिकविलें. दाण्याचें ज्ञान, स्वतःचे मळे, सर्व कांहीं त्यांच्याजवळ होतें. तरी कर्ज हजारों कोटींवर गेलें, आणि जुलै २०१९ मध्यें त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला हें सर्वांस ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या व्यवहाराशीं मालवणच्या एका खोलीची तुलना करणें हास्यास्पद आहे. पण ज्ञान असलें म्हणजे कर्जाची भीति नाहीं, असें जें तरुण मंडळी म्हणतात तें खरें नव्हे, एवढ्यापुरतें हें उदाहरण घ्यावें.

आतां सूनबाई. भाजण्याचें ज्ञान त्यांस, चव ओळखणारी जीभ त्यांची, पहांटे भट्टीजवळ उभें राहणार त्या. धंदा एकत्र कुटुंबाच्या नांवानें काढला तर त्यांत त्यांचें काय? सून ही सासरच्या एकत्र कुटुंबाची घटक असते, सहदायाद नसते. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस हक्क दिला; सुनेस दिला नाहीं. तिला स्वतः होऊन वांटणी मागतां येत नाहीं. उद्यां पुडे मुंबईभर गेले तरी कायद्याच्या दृष्टीनें ती घरकाम करीत होती असेंच ठरेल. आपल्या घरांत लोणचीं, पापड, कोकमाचें आगळ विकून संसार सांवरलेल्या किती तरी स्त्रियांची अशीच गत झाली. वहींत त्यांचें नांव कोणी घातलें नाहीं, आणि वांटणीच्या दिवशीं तो धंदा "घराचा" निघाला.

म्हणून धंदा एकत्र कुटुंबाचा न ठेवतां भागीदारीचा ठेवावा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें साधी पेढी, किंवा जबाबदारी मर्यादित ठेवावयाची तर २००८ च्या कायद्याप्रमाणें मर्यादित दायित्व भागीदारी. भागीदार चिरंजीव आणि सूनबाई, दोघें समान. मोठ्या काकांस हौस असेल तर त्यांनींही स्वतःच्या नांवानें व स्वतःच्या पैशानें भागीदार व्हावें, घराच्या नांवानें नव्हे. कागदावर हिस्से, कोणी बाहेर पडल्यास हिशेब कसा व्हावा, आणि पुड्यावरील नांव कोणाचें, हीं तीन कलमें असावीं. आंब्याच्या कलमांइतकींच हीं कलमेंही नीट बांधलीं पाहिजेत. "घरांतल्या घरांत कागद कशाला?" असें कोणी म्हणेल. त्यास सांगावें कीं, कागद नसल्यामुळें तुटलेलीं घरें आमच्या पाहण्यांत पुष्कळ आहेत, कागदामुळें तुटलेलें एकही नाहीं.

ज्ञानाविषयीं एक सूचना. बेंगळूरच्या कॉफी बोर्डाकडून 'कापी शास्त्र' नांवाचा शिक्षणक्रम चालविला जातो; भाजणें, चाखणें, पेय करणें यांचें प्राथमिक शिक्षण तेथें मिळतें. सूनबाईंनीं जावें, आणि बरोबर घरांतील आणखी एकानें जावें. सारें कौशल्य एकाच हातीं असलेला धंदा त्या हातास ताप आला कीं बंद पडतो.

राहतां राहिली चव. नव्या भट्टीवाल्यांस हलकी भाजणी फार प्रिय. तींत फळांचा आंबूस स्वाद राहतो, आणि काळी कॉफी पिणाऱ्यास तो आवडतो. परंतु आपल्या घरांची कॉफी कोणती? दूध पुरेसें, साखर सढळ हातानें, आणि वरून जायफळ किसलेलें. हलक्या भाजणीची कॉफी दुधांत घातली कीं आंबटसर लागते, आणि आजीबाई एक घोट घेऊन कप खालीं ठेवतात. म्हणून मध्यम वा किंचित् गडद भाजणीचा एक पुडा दुधासाठीं, दुसरा हलका पुडा नव्या मंडळींसाठीं, असे दोनच प्रकार पहिल्या वर्षीं करावे. चिकोरी घालावयाची तर उघडपणें घालून पुड्यावर तिचें प्रमाण छापावें. कायद्यानें मिश्रणांत निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे.

आणि ज्या वस्तूकडे या घरांतील कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं, ती तर अंगणांत आहे. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें 'कोंकण सुगंधा' यांसारख्या जायफळाच्या जाति काढल्या त्या नारळी-पोफळीच्या सावलींत लावण्यासाठींच. दुधाच्या पुड्याबरोबर घरच्या बागेंतील एक अखंड जायफळ द्यावें. दाणा चिकमगळूरचा असला तरी जायफळ मालवणचें असेल, आणि तें दुसऱ्या भट्टीवाल्यास सहजासहजीं देतां येणार नाहीं. जायफळें मात्र पावसाळ्यांत उतरतात आणि त्यांसही बुरशीची तितकीच भीति. तीं मंद उष्णतेवर सावकाश वाळवावीं लागतात. भट्टीची खोली पावसाळ्यांतही गरम असतेच. विक्री थंड असेल त्या महिन्यांत तिचा हा उपयोग करून घ्यावा, आणि पहिले पुडे गणपतीच्या आठ दिवस आधीं भाजावे.